उलट पिळाचं सूत

नान ताटात येऊन पडला तेव्हा साळूबाईच्या टेबलावर कुणी अजून काही मागवलंच नव्हतं. मुलगा गोकुळ खाण्याच्या यादीवर बोट फिरवत बसला होता, सून सत्यशीला होणाऱ्या विहीणबाईंना पंख्याचा वारा लागतो की नाय ते बघत होती, नात योगिनी आणि तिचा ठरत आलेला नवरा अतुल एकमेकांकडं न बघण्याची कसरत करत होते, आणि एवढ्यात मागून एक हात आला आणि नान ठेवून गेला. गोल, फुगलेला, वरून हळदीचा हात फिरवलेला, पिवळाजर्द. त्याची वाफ साळूबाईच्या नाकात शिरली आणि पंचावन्न वर्षांपूर्वीचा असाच एक नान तिला आठवला. तिनं मान वळवली. दोन टेबलं सोडून पाच-सहा बाया बसल्या होत्या, एकीच्या गळ्यात हार होता, म्हणजे नोकरीतून सुटल्याचं जेवण असावं. त्या हारवालीनं साळूबाईकडं बघून नुसती मान हलवली, वाटेवर भेटलेलं माणूस हलवतं तशी, आणि पुन्हा आपल्या बोलण्यात शिरली. ओळख ना पाळख. "आपण सांगितला नाय तर आला कसा हा?" सत्यशीलानं वेटरला विचारलं. तो हसला. "पहला नान है, अम्मा के वास्ते. इधर पहला नान अपना नहीं रहता, दुसरे टेबल का रहता. उनका तुमको आया, तुमारा और किसी को जाएगा." विहीणबाई रत्नमाला कौतुकानं म्हणाल्या, "व्हय, आम्ही दरवेळी बघतो की. म्हणून तर इथं यायचं म्हटलं." आणि साळूबाईच्या जिभेवर एक गोष्ट टुणकन उडी मारून बसली, पण तिनं ती गिळली, कारण आज गोष्टींना बंदी होती.

बंदी सत्यशीलानं घातली होती, सकाळी, लुगड्याच्या निऱ्या नीट करून देता देता. "आत्या, आज एकबी गोष्ट नाय. ती तलाठ्याची नाय, बिबट्याची नाय, कुठलीच नाय. पोरीचं ठरू द्या, मग लग्नात सांगा पाहिजे तेवढ्या." तलाठ्याची गोष्ट म्हणजे साळूबाईच्या मेंढीनं तलाठ्याचं दप्तर खाल्लं आणि दोन गावांची शीव रातोरात तीन कोस सरकली ती. बिबट्याची म्हणजे मेंढरांच्या जाळीत शिरलेल्या बिबट्याला तिनं अंधारात मेंढी समजून खरारा केला आणि तो सकाळपर्यंत बसून राहिला ती. योगिनी लहान असताना मांडीवर बसून ऐकायची आणि विचारायची, आजी, खरंच? आणि साळूबाई म्हणायची, खोटं असतं तर मी एवढं लहान सांगितलं असतं का? मुकुंदवाडीच्या गल्लीत तिला सगळे थापाडी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, उलट मान ताठ होई. फक्त एक थाप अशी होती की ती तिनं पंचावन्न वर्षांत पुन्हा कधी सांगितली नव्हती. त्या थापेपायी ती छावणीत, शहराकडेच्या फौजी वस्तीत, पाऊल टाकत नसे. छावणीत आईला चक्कर येते, हे गोकुळला लहानपणापासून ठाऊक होतं, का येते ते त्यानं कधी विचारलं नाही. आज जेवण छावणीतच ठरलं, तरी पोरीच्या आनंदापायी ती गाडीत बसली. लोखंडी पूल मागं पडला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि कुणीतरी हाताला धरून उतरवेपर्यंत उघडले नाहीत. आत आल्यावर बघितलं तर काचेचं दार, गुळगुळीत फरशी, थंडगार हवा. तिला हायसं वाटलं. हे ते नव्हे. ते तर पत्र्याचं छप्पर होतं, चार बांबूंवर उभं, पुढं भट्टी.

"कवापासूनचं हाय हे, पहिला नान दुसऱ्याचा?" तिनं वेटरला विचारलं. एवढं विचारायला बंदी नव्हती. त्यानं हनुवटीनं गल्ल्याकडं दाखवलं. "वो बांबू को धागे लगे तबसे, अम्मा. नजर के वास्ते धागा बांधा है उसको. दुकान तीन बार टूटा, बांबू को हात नहीं लगाए."

गल्ल्याशेजारी, गुळगुळीत फरशीच्या मधोमध, एक काळा पडलेला बांबू जमिनीपासून छतापर्यंत गेला होता, आणि कंबरेपासून वर पुरुषभर उंचीपर्यंत त्याला काळी लोकर गुंडाळलेली होती, हातभर चुडा भरावा तशी. लांबून बघणाऱ्याला ती नजरेची दोरीच वाटावी. साळूबाईला मात्र लांबूनसुद्धा गाठी दिसल्या. तीन गाठी, थोडी जागा, तीन गाठी, थोडी जागा. तिचे कान बंद झाले. टेबलावर रत्नमालाबाई काहीतरी विचारत होत्या, मटणाचा खलिया तिखट चालतो का म्हणून, सत्यशीला तिच्या वतीनं हो म्हणत होती, आणि साळूबाई वाचत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण हे येत होतं. वाड्यावरच्या बायांनाच फक्त हे वाचता येई. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे, धनगरांचा, चालता; घोड्यावर बिऱ्हाड, पुढं मेंढरं, मागं बाया. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याच्याकडून दाणे मिळत, पण पाणी, ताक, बाळंतिणीला गरम घोट हे बायांचं बायांनी बघायचं. मग ज्या दारात मिळालं त्या दारच्या बाभळीला, फाटकाला, कुडाला जाताना काळ्या लोकरीचा धागा बांधायचा. एक गाठ म्हणजे इथं पाणी देतात. दोन म्हणजे टेकायला जागा देतात. तीन म्हणजे इथं भाकर मिळते आणि देताना तोंड वाकडं करत नाहीत. मागून येणारा दुसरा वाडा, दुसऱ्या बाया, कधी तोंड न बघितलेल्या, त्या धाग्यावर चालत यायच्या. धाग्यात खोटं बोलायचं नाही, हे कुणी शिकवावं लागत नसे. पाण्यात थुंकायचं नाही हे शिकवावं लागतं का?

आणि ती खोटं बोलली होती. अठरा वर्षांची होती, मीठ आणि चहाची पुडी आणायला वाड्यावरून एकटीच छावणीच्या बाजारात आली होती, आणि पत्र्याखालच्या भट्टीतून हा असाच पिवळा नान निघताना बघून पाय थांबले. जन्मात असली भाकर बघितली नव्हती. तिनं दाढीवाल्या मालकाला विचारलं, एक देता का. बदल्यात सूत देते म्हणाली, हातातली टकळी दाखवली. त्याची भट्टी बिघडली होती की काय कुणास ठाऊक, त्यानं उष्टे गिलास धुतलेलं पाणी भकदिशी तिच्या पायांवर फेकलं. चल, आगे बढ. बाकावरचे दोघं हसले. साळू पुढं गेली, वळसा घालून मागं आली, आणि कुणाचं लक्ष नसताना कडेच्या बांबूला काळा धागा बांधला. तीन गाठी. बस आता, तिच्या मनात आलं, येतील एकेक वाड्याच्या बाया, दहा-दहा, लेकरं काखेत घेऊन, आणि मागतील भाकर, फेक किती पाणी फेकतोस ते. परतीच्या वाटेवर ती एकटीच खदखदून हसली. वाड्यावर गेल्यावर ओले पाय कुणी विचारू नयेत म्हणून तिनं गोष्ट सांगितली. चंद्राएवढा नान. वर तूप. मालकानं स्वतःच्या हातानं वाढला, आणि म्हणाला, बेटी, तू माझ्या लेकीसारखी. बाया हसल्या, साळीची थाप म्हणाल्या. एकटी कडू हसली नाही.

कडू तिची धाकटी जाऊ. डावखुरी. टकळी डाव्या हातानं फिरवायची, त्यामुळं तिच्या सुताचा पीळ सगळ्या जगाच्या उलटा पडायचा. घोंगड्या विणणारा सनगर तिचं सूत वेगळं काढून परत द्यायचा, बाकीच्या सुताबरोबर ते टिकत नाही, सुटतं म्हणायचा. सासू तिचा डावा हात पाठीला बांधून कातायला बसवायची. ती कुणाला उलटून बोलायची नाही, आणि साळूची प्रत्येक थाप खरी मानायची, बिबट्याची पण. बिबट्या मग गेला कुठं, म्हणून तिनं एकदा रडत विचारलं होतं. तिची तान्ही लेक तापली तेव्हा वाडा पैठणच्या अंगाला उतरायच्या बेतात होता. दोन दिवस थांबा म्हणून कडूनं सासऱ्याचे पाय धरले. सासरा म्हणाला, शेतकऱ्याला शब्द दिलाय, मेंढरं उद्या त्याच्या रानात बसली पाहिजेत, त्याचा नांगर त्यावर थांबलाय. त्या रात्री कडू साळूच्या घोंगडीत शिरली. लेकरू दोघींच्या मधी, निखाऱ्यासारखं. "सांग ना परत," कडू म्हणाली, "तो तुला खरंच बेटी म्हणाला व्हय?" तेव्हा सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण साळूला वाटलं, पोरीला जरा बरं वाटू द्यावं, आणि ती म्हणाली, "व्हय तर. आणि म्हणाला, तुझ्यातलं कुणी असलं तर बिनघोर पाठव." पहाटे घोंगडीत ऊब होती, कडू नव्हती. माणसं तिच्या माहेरच्या वाटेनं धुंडायला गेली. साळूला वाट ठाऊक होती, ती म्हणाली, मला काय माहीत. एवढंच. कुणी म्हणालं विहीर, कुणी म्हणालं लांडगा, वर्षानं दिराचं दुसरं लग्न झालं, आणि साळूबाईच्या मनात मात्र त्यानंतर रोज, भाकर थापताना, गोकुळला न्हाऊ घालताना, मुकुंदवाडीच्या खोलीवर पत्रे चढताना, एक पोर तापलेलं लेकरू घेऊन पत्र्याखाली जात होती, आणि उष्टं पाणी तिच्या पायांवर पडत होतं. त्याच्या पुढचं तिला कधी दिसलं नाही.

ती उठली. "आत्या, हात धुवायचाय का?" सत्यशीला म्हणाली. साळूबाई तोवर निघाली होती. टेबलांच्या मधून चालताना तिला माणसं दिसत होती आणि दिसत नव्हती: एक फौजी दिसणारा म्हातारा एकटाच बसलेला, त्याच्यापुढं कुणीतरी पाठवलेला नान, बुरख्यातली एक बाई आपल्या पोराला सांगत होती, पहले उधर देके आव, फिर खा, ते पोर दोन्ही हातांत ताटली धरून, जीभ दातांत पकडून, अनोळखी टेबलाकडं निघालेलं. कुणी कुणाला आभार म्हणत नव्हतं. जसं काही हे जेवणाचंच एक अंग आहे, चूळ भरावी तसं. बांबूपाशी पोचल्यावर तिनं आधी खालचा धागा धरला. धुरानं आणि तेलानं त्याचा दगड झाला होता, पण गाठी तिच्याच होत्या, तिसरी जरा मोठी, रागानं ओढलेली. तिचं बोट वर सरकलं. दुसरा धागा. तो तिनं चिमटीत धरला आणि अंगठ्यानं नेहमीसारखा फिरवला, तर पीळ घट्ट व्हायच्या ऐवजी सुटायला लागला.

डाव्या हाताचा पीळ. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा सुटला. तीन गाठी होत्या त्याला, आणि कडू खोटं बोलत नसे, धाग्यात तर नाहीच. म्हणजे मिळाली होती. भाकर मिळाली होती, आणि देताना कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. साळूबाई वर वर जात राहिली. सरळ पिळाचे कितीतरी, अनोळखी हातांचे, कुठल्या कुठल्या वाड्यांच्या बायांचे, कुणाचा जाडा, कुणाचा केसासारखा, आणि त्यांच्यामधी दर थोड्या अंतरानं एक उलटा. उलटा. मग पुन्हा उलटा. वरच्या टोकाला, टाच उचलून हात पुरेल तिथं, एक नवाकोरा धागा होता, लोकरीचा वास अजून त्याला होता, आणि पीळ उलटा, पण कुठं जाड, कुठं बारीक, हात थरथरल्यासारखा. त्या थरथरीवर बोट ठेवून ती उभी राहिली. असं वाटलं, की त्या बाजूनंही कुणीतरी बोट ठेवलंय.

"अम्मा, गिरेंगे," गल्ल्यावरचा माणूस उठून आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर टॉवेल. त्याला सगळे गौसभाई म्हणत होते. त्यानं खुर्ची आणून ठेवली. "ह्यो वरचा कुणी बांधला?" साळूबाईनं विचारलं. "जालन्याची एक अम्मा आहे ना," गौसभाई म्हणाला, मराठी आणि दखनी दोन्ही एकाच घासात, "हर साल आती थी. इस साल घुटने का हुआ तो बेटी के हात से भेजी. सूत वोच कातती, दुसरे का नक्को बोलती." मग म्हातारी खाली बसली असं बघून तोही गल्ल्याला टेकला, आणि शंभर वेळा सांगितलेलं सांगायला लागला. "दादा के जमाने की बात. एक रोज सुबूसुबू एक बाई आई. गोद में बच्ची, बुखार में जलती. सीधा अंदर आके बैठ गई, जैसा खुद का घर. दादा को बोली, तुम मेरी जाऊ को बेटी बोले ना, तो मैं भी आई."

"मग?" साळूबाई खुर्चीत पुढं सरकली.

"दादा किसी को बेटी बोलेच नहीं थे. मरने के पहले अब्बा को बताए, मैं तो उस लडकी पे पानी फेका था, गिलासां का. उस दिन के बाद उनको वो पानी याद आता था, बोलते थे. और ये बाई बैठ के बोल रई, तुम बेटी बोले. दादा भट्टी के सामने खडे. बाद में बोले, हौ, बोला था."

साळूबाईनं गल्ल्याची कड धरली. हौ, बोला था. गौसभाई पुढं सांगत होता, की तेवढ्यात बाकावर बसलेल्या चौघांचा पहिला नान भट्टीतून आला होता, आणि त्यांनी तो काही न बोलता त्या बाईपुढं सरकवला, आणि तेव्हापासून इथं पहिला नान दुसऱ्याचा; की दादानं भट्टी तशीच सोडून लेकरू उचललं आणि छावणीतल्या डॉक्टरकडं पळत नेलं; की बाई मागच्या खोलीत राहिली, पीठ मळायची, डाव्या हातानं, तिच्या हातचा नान जास्त फुगायचा; की दोनेक वर्षांनी जेवायला आलेल्या जालन्याच्या एका मास्तरीणबाईनं तिला घरी नेलं आणि ती लेक पुढं नर्स झाली. ती बाई आल्यावर मागून वाड्याच्या बाया यायला लागल्या, कुठून कुठून, पत्ता कोण सांगायचं अल्ला जाणे, आणि दादा कुणाला नाही म्हणेना. या बाया धागा बांधून जातात, नजर लागत नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं. तो धागा काय सांगतो ते या माणसाला माहीत नव्हतं. ती सांगू शकत होती. पण तिच्या डोळ्यांपुढं तो दाढीवाला उभा होता, ज्याला ती पंचावन्न वर्षं शिव्या देत आली. तो तिची थाप ओळखून, ती खांद्यावर घेऊन, मरेपर्यंत चालला होता. तिनं रागानं मारलेल्या तीन गाठी, आणि एका माणसानं त्या खऱ्या करून ठेवल्या होत्या. तिनं भोवती बघितलं. तीस-चाळीस माणसं जेवत होती आणि ताटं या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की आपण सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीत एवढं मोठं काही नव्हतं, ती तीन कोस सरकलेली शीवसुद्धा नाही.

मागं सगळे येऊन उभे होते. योगिनीनं तिच्या दंडाला धरलं होतं. साळूबाई गौसभाईला म्हणाली, "ती पाणी फेकलेली पोरगी मीच."

सत्यशीलानं डोळे मिटले. "आत्या, सकाळी काय बोलणं झालं होतं आपलं."

"नाय गं बाई. ही गोष्ट नाय." आणि तिनं सांगितलं, हात न हलवता, आवाज न चढवता. मीठ आणि चहाची पुडी. पाणी. गाठी. घोंगडीत शिरलेली कडू. मला काय माहीत. चंद्राएवढा नान नव्हता, तूप नव्हतं, नानच नव्हता. तिला सांगताना कळत होतं की हे किती मोडकं निघतंय, हिच्यापुढं बिबट्या किती खरा वाटायचा. गोकुळ ऐकत होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती, कडूकाकी हे नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. योगिनीनं खालच्या आवाजात विचारलं, "आजी, खरंच?" आणि साळूबाईला नेहमीचं उत्तर सापडलं नाही. तिनं नुसती मान हलवली. गौसभाई गल्ल्याला टेकला होता तो सरळ उभा राहिला. मग खांद्यावरच्या टॉवेलानं त्यानं ती खुर्ची पुसली, जिच्यावर ती आधीच बसलेली होती, आणि म्हणाला, "दादा होते तो पूछता, यहीच है क्या वो बेटी."

परत येऊन बघतात तर टेबलावर त्यांचा स्वतःचा पहिला नान आला होता, या टेबलाचा, म्हणजे दुसऱ्या कुणाचातरी. रत्नमालाबाईंनी तो कुणाला तोडू दिला नाही. त्यांनी तो पातळ कागदात गुंडाळला, वरून स्वतःचा रुमाल बांधला, आणि साळूबाईच्या मांडीवर ठेवला. "आमचं काय, आज जेवू, उद्या बसू. पोरं कुठं पळून चाललीत का? तुम्ही जालन्याला जाऊन या." "अहो पण सुपारी..." सत्यशीला म्हणाली. "फुटली की," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत नीट बसून खलियाचं भांडं पुढं ओढलं. गौसभाईनं विचारलं, फोन लावू का, बेटीचा नंबर आहे. साळूबाई नको म्हणाली. फोनवर तिला थाप मारता आली असती.

गाडीत गोकुळ आणि ती, दोघंच. नानाची ऊब रुमालातून मांडीला लागत होती, तापलेल्या लेकराची लागावी तशी, आणि हळूहळू उतरत होती. लोखंडी पूल तिनं उघड्या डोळ्यांनी ओलांडला. ती मनात सांगून बघत होती: कडू, त्यानं मला बेटी म्हटलं नव्हतं. पुढं काय म्हणायचं ते जमत नव्हतं. कडू काय म्हणेल तेही दिसत नव्हतं. दार लावून घेईल, की आत घेईल, की तिला हे केव्हापासून माहीत असेल आणि तरी ती दरवर्षी तीन गाठी मारत राहिली असेल. या शेवटच्या विचारानं साळूबाईच्या अंगावर काटा आला आणि तो गेला नाही. जालना रोडला ऊन रणरणत होतं. मुकुंदवाडीचा चौक आला. गोकुळनं सवयीनं गाडी हळू केली, आरशातून आईकडं बघितलं. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं असावं, हिला घरी न्यावं, जरा आडवं करावं.

"आई, चक्कर येतीय का? घरी थांबायचं?"

"नाय," साळूबाई म्हणाली. तिनं रुमालावर दुसराही हात ठेवला. "सरळ घे. गार व्हायच्या आत पोचायचंय."